तीन हजारांत कॉम्प्युटरला स्पीकर : बोल कळावेत, घर हादरायला नको

सेलूकर_डीटीपी

नमस्कार मंडळी,

मी सेलूचा, जिल्हा परभणी. घरीच डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वास्तुशांती, वाढदिवसाचे बॅनर, मध्येच एखादं श्रद्धांजलीचं. लगीनसराईत रात्री एक-दीडपर्यंत बसणं होतं आणि तेवढा वेळ कानाला काहीतरी सोबत लागतेच.

जुना २.१ चा सेट आहे, एक वूफर आणि दोन डब्या. त्यातून आता सतत गुंऽऽ असा आवाज यायलाय. गाणं लावलं तर गाण्यामागं, नाही लावलं तर नुसताच. नॉब वाढवला की तोही वाढतो. म्हणून नवे घ्यायचं चाललंय. बजेट तीन हजार, ओढूनताणून साडेतीन. त्याच्या वर गेलो तर घरात हिशोब द्यावा लागेल.

काय ऐकतो ते सांगतो, म्हणजे सल्ला द्यायला बरं पडेल. सिनेमे नाहीत, गेम नाहीत (पोरगा सोडून). बातम्या, भाषणं, जुनी गाणी. पण खरं कारण वेगळंय. आमचे अण्णा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. एकादशीच्या भजनाच्या कॅसेटी पिशवीभर पडल्यात, त्या मी कॉम्प्युटरवर घ्यायलोय. रेकॉर्डिंग देवळातलंच, टेपरेकॉर्डर सभामंडपात ठेवून केलेलं. त्यात अभंगाचे शब्द कळले पाहिजेत आणि अण्णांचा पखवाज डबा बडवल्यासारखा वाजू नये, एवढीच अपेक्षा.

परभणीत एका दुकानात गेलो होतो. त्यानं लाल-निळे लाइट लागणारा वूफर दाखवला, खोक्यावर छापलेलं "४००० वॅट". किंमत बावीसशे. पोरगा आठवीत आहे, तो त्या लाइटसमोरून हलायला तयार नाही. मी दुकानदाराला म्हणालो, मालक, आमच्या मीटरवर मंजूर भारच एक किलोवॅट आहे, मग हे चार हजार वॅट कुठून ओढणार? तो म्हणला, "साहेब, ते कंपनीचं असतं." बरं. कंपनीचं असतं म्हणजे काय, हे कोणी सांगेल का?

खोली दहा बाय बाराची, वर पत्रे, खाली शहाबादी. उन्हाळ्यात कूलर चालू. आणि हो, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, म्हणून मी पायाखाली गोणपाट टाकून बसतो. बायको म्हणते स्पीकरआधी तुम्हीच जाल.

पैठणगेटवाला

दादा, २.१ च घ्या. वूफर नसेल तर कॉम्प्युटरवर गाण्याची मजाच नाही. आणि परभणीत बघत बसू नका. एक दिवस संभाजीनगरला या, पैठण गेटला शेजारी-शेजारी दुकानं आहेत, चार ठिकाणी वाजवून बघा, घासाघीस करा. लाइटवाला घेतला तर पोरगंही खूश. तीन हजारांत भरपूर मिळतंय.

जुना_रेडिओ (नांदेड)

सेलूकर, पैसे खर्चायच्या आधी थोडं थांबा. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी गंमत म्हणून लिहिलीय. झिणझिण्यांची.

मी नांदेडला रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त करत आयुष्य काढलं. गुणगुण करणारा स्पीकर घेऊन येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो, घरी अर्थिंग आहे का? बहुतेक जण म्हणतात, तीन पिनचं सॉकेट आहे की. सॉकेटला तिसरं भोक असणं आणि त्या भोकामागं जमिनीपर्यंत तार असणं, यात फरक आहे.

होतं असं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टर म्हणून दोन बारके कपॅसिटर असतात, एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग धड असेल तर त्यातून झिरपणारा थोडासा करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर त्याला वाट नाही, आणि कॅबिनेटवर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून माणूस मरत नाही, झिणझिण्या येतात. पण तोच करंट स्पीकरच्या वायरीच्या बाहेरच्या जाळीतून अँप्लिफायरमध्ये शिरतो आणि तुम्हाला ५० हर्ट्झचं (सेकंदाला पन्नास कंपनांचं, विजेच्याच सुरातलं) भजन ऐकवतो. नवा स्पीकर आणला तरी त्यानं हेच ऐकवायचं.

आधी एक तपासणी करा. कॉम्प्युटरच्या मागं हिरव्या सॉकेटात स्पीकरची पिन आहे ती काढा आणि मोबाइलला लावा (मोबाइल चार्जिंगला नको). पिन हातात धरून बघू नका, टोकाला बोट लागलं की कुठलाही स्पीकर गुणगुणतो. मोबाइलवर आवाज स्वच्छ आला तर तुमचा जुना सेट ठणठणीत आहे आणि दोष भिंतीत आहे. मोबाइलवरही तीच गुणगुण असेल तर सेटच्या आतले मोठे फिल्टर कपॅसिटर फुगलेत. ते बदलायला कुठलाही मिस्त्री फार घेणार नाही.

अर्थिंगचं म्हणाल तर आपल्याकडची काळी माती. पावसाळ्यात ओल धरते तेव्हा अर्थिंग झकास चालतं, आणि चैत्र-वैशाखात जमिनीला हात हात भेगा पडल्या की त्याच खड्ड्याचं काम संपतं. वायरमनकडून तपासून घ्या. खड्डा असेल तर कोळसा-मीठ नव्यानं भरून घ्या, आणि उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा. एक मात्र बजावून सांगतो. "सॉकेटमध्येच अर्थची तार न्यूट्रलला जोडून देतो, झिणझिण्या बंद" असं म्हणणारा वायरमन भेटेल. त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. तसं जोडल्यावर कधी बाहेर न्यूट्रल तुटला तर तुमच्या कॅबिनेटवर सगळाच्या सगळा फेज येऊन बसेल. गुणगुण जावी म्हणून स्पीकरच्या किंवा कॉम्प्युटरच्या प्लगची तिसरी पिन तोडणारेही आहेत. तेही करायचं नाही. कॉम्प्युटर आणि स्पीकर मात्र एकाच बोर्डावर लावा.

आता चार हजार वॅटचं. दुकानदार खरंच बोलला, ते कंपनीचंच असतं, तुमच्या कानाचं नसतं. त्याला पीएमपीओ म्हणतात. तो कसा मोजायचा याचं सर्वांनी मानलेलं मानक नाही, त्यामुळं ज्याला जो आकडा आवडेल तो छापतो. बघायचा तो आरएमएस वॅट, सतत किती देतो तो. खोक्यावर तो नसेल तर अँडॅप्टर उलटा करून वाचा. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार १८. अठरा वॅट आत जातात, तर बाहेर सतत अठराच्या वर येणार कुठून? आणि त्यातलेही काही उष्णतेत जातात. पूर्वी वूफर सेटमध्ये २०३० नंबरचे तीन आयसी (आवाज मोठा करणाऱ्या चिप) असायचे, त्याच्याही आधी आपल्याकडं सगळा कारभार ४४४० नंबरच्या आयसीवर चालायचा. तो स्टिरिओत एका बाजूला सहा वॅट द्यायचा आणि लग्नाच्या मांडवात त्याच्यावर सनई वाजायची. दहा बाय बाराच्या खोलीत टेबलावर बसून ऐकायला खरे पाच-पाच वॅट भरपूर झाले. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला "थोडं वाढवलं वाटतं" इतकाच.

पैठणगेटवाले, रागावू नका, पण यांच्या कामाला तीन हजारांतला वूफर घेऊ नये असं माझं मत आहे. त्या सेटमधल्या बाजूच्या डब्या दोन-अडीच इंची कोनाच्या (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा). त्या वरचं तेवढं वाजवतात. वूफर खालचं एका सुरात घुमवतो. मधला भाग, जिथं पुरुषाचा आवाज राहतो, तो दोघांच्या मध्ये पडतो आणि कोणीच उचलत नाही. भजनी मंडळ काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळी पट्टीच्या सुरात) गात असेल तर मधला सा साधारण १३९ हर्ट्झ, खालचा सा ६९. दोन इंची कोन १५० च्या खाली हात टेकतो. आणि पखवाजाचं डावं अंग, जिथं कणीक लावतात, त्याचा "धा" तर आणखी खाली गुंजतो. स्वस्त वूफरवर प्रत्येक थाप सारखीच "धुप्प" येते, कणीक ओली होती की वाळली होती काही कळत नाही. अण्णा असते तर उठून गेले असते.

म्हणून वूफर नको. दोन सारख्या पेट्या, प्रत्येकीत चार इंची किंवा त्याच्या वरचा कोन, पेटी प्लास्टिकची नाही तर लाकडाच्या भुशाच्या बोर्डाची. अशातली एडिफायरची आर १२८०टी चांगली आहे, चार इंची कोन, ४२ वॅट आरएमएस, पण ती तुमच्या बजेटात बसत नाही.

आता माझा प्रश्न. या कॅसेटी ज्या डेकवर वाजायच्या, त्याच्या पेट्या कुठं आहेत?

लातूरची_बाई

काकांनी छान सांगितलं. मी माझा अनुभव जोडते. मी घरून शिकवण्या घेते, अर्ध्या मुली प्रत्यक्ष, अर्ध्या ऑनलाइन. मला टेबलावर जागाच नाही, म्हणून यूएसबीवर चालणारे दोन छोटे स्पीकर घेतले, क्रिएटिव्हचे पेबल, गोटीसारखे गोल. कंपनी खोक्यावर ४.४ वॅट आरएमएस लिहिते, चार हजार नाही. त्यांचे कोन ४५ अंशांत वर कानाकडं बघतात, त्यामुळं टेबलावर ठेवूनही बोलणं स्पष्ट येतं. वीज यूएसबीतून, आवाज हिरव्या सॉकेटातून. साध्या यूएसबी २.० सॉकेटातून नियमानं अर्धा अँपिअर मिळतो, म्हणजे अडीच वॅट, म्हणून मी मागच्या, जास्त वीज देणाऱ्या निळ्या यूएसबीत लावलेत.

पण सेलूकर, खरं सांगायचं तर पखवाजाला ते पुरणार नाहीत. माझ्या इथं मुलींच्या आवाजाला आणि बातम्यांना छान आहेत. तबल्याचा डग्गा आहे हे कळतं, पोटात जाणवत नाही.

दुकानात तपासायची माझी एक पद्धत आहे. स्वतःच्या मोबाइलमध्ये ओळखीच्या माणसाचं बोलणं रेकॉर्ड करून न्यायचं, गाणं नाही. दुकानदाराचं गाणं प्रत्येक स्पीकरवर भारीच वाजतं. ओळखीच्या आवाजाला सर्दी झाल्यासारखी वाटली तर परत ठेवायचं. नंतर काहीही न वाजवता नॉब पूर्ण फिरवायचा आणि सूंऽऽ किती येतंय ते ऐकायचं. आणि नॉब अगदी हळू शून्याकडं आणताना एक बाजू आधी गप्प होते का तेही बघायचं. स्वस्तातल्या नॉबचं हे दुखणं फार, आणि रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्याला तेच नडतं.

हिंगोलीकर

एवढी चर्चा कशाला, बाराशेचा हेडफोन घ्या. पत्र्याच्या खोलीत पाऊस सुरू झाला की चार हजार वॅटही ऐकू येणार नाहीत 😄

आणि ब्लूटूथवाले घेणार असाल तर कॅसेट रेकॉर्ड करताना त्रास होईल. आवाज उशिरानं येतो.

जुना_रेडिओ

हिंगोलीकर, ब्लूटूथचं बरोबर. दीड-दोनशे मिलिसेकंद आवाज रेंगाळतो. व्हिडिओ बघताना प्लेअर सांभाळून घेतो, पण टेपचं बटण दाबलं आणि उशिरा ऐकू आलं की कापाकापी करताना डोकं फिरतं. यांना वायरच बरी.

हेडफोनला मात्र माझा विरोध. माणूस रात्री दीडपर्यंत काम करतो, घरात कोणी हाक मारली तर ऐकू आली पाहिजे.

अजून एक. इन्व्हर्टर आहे का? जुना स्वस्तातला स्क्वेअर वेव्हवाला असेल तर लाइट गेल्यावर स्पीकर घर्रऽऽ करेल. तो दोष वेगळा, त्याचं खापर अर्थिंगवर फोडू नका.

सेलूकर_डीटीपी

काका, पिन काढून मोबाइलला लावली. गुणगुण गायब! एकदम शांत. पोरानं विचारलं, बंद पडला का?

वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये धरला तर बल्ब पेटलाच नाही, नुसती तार लालसर झाली. घराच्या मागं खड्डा आहे, पण त्याच्यावर आईनं तुळस लावून टाकली होती आणि अर्थची पट्टी मातीबाहेर गंजून तुटलेली. तुळस हलवताना घरात जे झालं ते इथं लिहीत नाही. नवी पट्टी, कोळसा, मीठ. आता आईला सांगितलंय की सांडपाणी तिथंच टाक, तर ती म्हणते मग तुळस काय वाईट होती, तिला रोज पाणी घालतच होते मी. यावर माझ्याकडं उत्तर नाही.

झिणझिण्या गेल्या. गोणपाट काढलं. स्पीकरमधला आवाज जवळजवळ गेला. पण आता स्वच्छ झाल्यावर तुम्ही म्हणता ते ऐकू यायला लागलं. थाप सगळी "धुप्प", आणि अभंगाचे शब्द वूफरखाली दबतात.

डेकच्या पेट्या! माळ्यावर निघाल्या. एका पेटीत मागच्या भोकातून उंदरांनी संसार थाटला होता, कापूस, चिंध्या, पत्रिकांचे तुकडे (माझ्याच छापलेल्या). कोन मात्र दोन्ही शाबूत. कागदी आहेत, पाच इंची असतील, मागं "६ ओहम" लिहिलंय. डेकचा अँप्लिफायर मेलेला आहे. आता यांना कॉम्प्युटरवर कसं वाजवायचं?

जुना_रेडिओ

वाटलंच होतं. पाच इंची कागदी कोन, सहा ओहम, फुकट. तीन हजारांत नवीन काही याच्या जवळ येणार नाही.

आधी कोनाच्या काठाची घडी बघा. फोमची असेल तर बोट लावलं की भुसा होतो, मग ती बदलावी लागेल. कापडाची किंवा कागदाचीच असेल तर देवाला नमस्कार करा आणि पुढं चला. दोन बोटांनी कोन सरळ हळूच आत दाबून सोडा. खर्र आवाज आला तर कॉइल घासतेय.

अँप्लिफायरला पीएएम ८६१० चा तयार बोर्ड मिळतो, काड्यापेटीएवढा, दोन-अडीचशेत. दोन चॅनेल, १२ व्होल्टवर चालतो. दहा-दहा वॅटचा म्हणून विकतात, तुम्ही पाच-सहा स्वच्छ धरा, पुरे. त्याला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अँडॅप्टर, सेटटॉप बॉक्सचा पडला असेल तर त्याच्यावरचा आकडा बघून तोच. बोर्डाच्या आउटपुटच्या चारही तारा वेगवेगळ्या ठेवायच्या. दोन्ही पेट्यांच्या काळ्या तारा एकत्र बांधायची जुन्या अँप्लिफायरची सवय इथं चालत नाही, आयसी जाईल. उघडा बोर्ड ठेवू नका, प्लास्टिकच्या डब्यात बसवा. परभणीत बोर्ड नाही मिळाला तर आमच्याकडं नांदेडला या, किंवा कोणी हैदराबादला जाणारं असेल तर कोठीच्या बाजारातून मागवा.

ठेवायचं असं की दोन पेट्या आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण व्हावा, तीन-साडेतीन फुटांचा. उंची कानाइतकी. पत्र्याच्या खोलीत आवाज कलकलतो, म्हणून तुमच्या पाठीमागच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा. फरशीवर सतरंजी. उंदरांनी कुरतडलेलं भोक फळीच्या तुकड्यानं घट्ट बंद करा, पेटी उघडी राहिली तर खालचा आवाज गळतो.

आणि कॅसेट घेताना डेकची वायर मागच्या गोल निळ्या सॉकेटात (यूएसबी नव्हे) लावताय ना? गुलाबी माइकचं आहे, त्यात लावली तर आवाज फाटतो.

पैठणगेटवाला

काका, पैठण गेटचा धंदा बुडवायलात तुम्ही.

सेलूकर_डीटीपी

निळ्यातच आहे, काका.

काठ कापडाचा निघाला! बोर्ड परभणीतच मिळाला, अँडॅप्टर घरचा. पोराला लाइटचं दुःख होतं म्हणून त्याला एलईडीची पट्टी आणून दिली, ती त्यानं पेटीच्या मागं चिकटवली. आता पेट्या जुन्या, उजेड निळा.

वाजतंय. शब्द कळतात. पण एक गोष्ट खटकतेय. गायकाचा आवाज समोरून यायच्या ऐवजी दोन्ही बाजूंना पसरल्यासारखा येतो, आणि पखवाज दोन्ही पेट्या चालू असताना बारीक वाटतो, एकच पेटी लावली की उलट भरदार. असं कसं?

लातूरची_बाई

एकीच्या तारा उलट लागल्यात का?

जुना_रेडिओ

बाईंनी बरोबर ओळखलं. एक कोन पुढं येतो तेव्हा दुसरा मागं जातो, दोघं एकमेकांचा खालचा आवाज खातात. बोर्डावरून तारा काढा आणि घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घ्या. सेलचं अधिक टोक पेटीच्या लाल तारेला, उणे काळ्या तारेला, क्षणभर टेकवा. कोन बाहेर उचलला पाहिजे. दोन्ही पेट्यांना करून बघा.

सेलूकर_डीटीपी

डावीचा बाहेर आला. उजवीचा आत गेला. उंदरांच्या आधी कोणीतरी ती पेटी उघडली असणार.

जुना_रेडिओ

मग उजवीच्या दोन तारा अदलाबदल करा. एकट्या उजवीच्याच. उत्साहात दोन्हीकडच्या केल्या तर परत इथंच याल.